बॅकग्राउंडसाठी रीपर: काही महिन्यांच्या वापरानंतर

पिक्चर लॉक झालं, म्हणजे चित्रपटाचं संकलन पक्कं झालं, की दृश्य हलत नाही, म्हणून वाकायचं ते बॅकग्राउंडच्या संगीतानेच. रीपर ७ या ध्वनिमुद्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरवर काही महिने मुख्यतः हेच काम केल्यावर मत असं झालंय: टेम्पो मॅप (कुठे किती लय, याचा आराखडा) वाकवायला उत्तम, रेकॉर्ड झालेला ऑडिओ ताणायला ठीकठाक, आणि सुरुवातीच्या सेटिंग्ज या कामासाठी साफ चुकीच्या.

आधी सेटिंग्जचंच सांगतो. प्रोजेक्टचा टाइमबेस, म्हणजे ट्रॅकवरचं सगळं मात्रांना बांधलेलं की सेकंदांना, तो मुळात ‘बीट्स’वर असतो. म्हणजे तुम्ही टेम्पो मिनिटाला ९६ मात्रांचा ९४ केलात की संगीताबरोबर संवाद, फोली (पावलं, दारं असे मागाहून घेतलेले आवाज) आणि खुद्द व्हिडिओही सरकतो, ताणला जातो. हिंदी-मराठीत संवादाचे ट्रॅक बॅकग्राउंडच्या प्रोजेक्टमध्ये येतातच, त्यामुळे हे पहिल्या दिवशीच मिटवून टाका. ऑल्ट-एंटर दाबून प्रोजेक्टचा टाइमबेस ‘टाइम’ करा, फ्रेम रेट २४ की २५ ते एडिटरला विचारून भरा, स्टार्ट टाइम रीलच्या टाइमकोडवर (फ्रेमगणिक वेळेच्या आकड्यावर) आणा. मग फक्त संगीताच्या ट्रॅकवर राइट-क्लिक करून त्यांचा टाइमबेस वेगळा ‘बीट्स’ ठेवा. व्हिडिओ एच.२६४ फॉरमॅटमध्ये आला असेल तर मागे-पुढे सरकवताना अडखळतो. प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचडी मागून घ्या, चित्रावर टाइमकोड उमटवलेला असू द्या.

आता खरं काम. समजा टेम्पो ९६, ठेका केरवा (आठ मात्रांचा), आणि क्यू (त्या दृश्याचा संगीताचा तुकडा) सुरू झाल्यापासून ३७ सेकंद १० फ्रेमवर दार आपटतं. २५ फ्रेमच्या हिशोबात ते ३७.४ सेकंद. मात्रा किती झाल्या? ९६ गुणिले ३७.४ भागिले ६०, म्हणजे ५९.८४. मॅप वाकवून ६० करायच्या तर टेम्पो ३६०० भागिले ३७.४, म्हणजे ९६.२६. हा फरक कुणाच्या कानाला कळणार नाही. पण ६० मात्रा झाल्यावर पुढची मात्रा आवर्तनात पाचवी, म्हणजे खाली (हलकी मात्रा), आणि दार आपटताना हवी सम (आवर्तनाची पहिली, जोरकस मात्रा). सम ५६ नंतर आणायची तर टेम्पो ८९.८ होतो, ६४ नंतर आणायची तर १०२.७. दोन्हींत चीजच बदलते. उपाय टेम्पोत नाही, मात्रांत आहे: सात आवर्तनं पूर्ण, मग चार मात्रांचा एक तुकडा, आणि दारावर नवी सम. तबलजीला हे आधी सांगितलं तर तो त्या चार मात्रांत छोटी तिहाई (एकच बोल तीनदा) भरून मोकळा होतो. सांगायचं विसरलात तर तो खालीच वाजवणार, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

हिट, म्हणजे दृश्यातल्या क्षणावर पडणारा संगीताचा ठोका, अगदी फ्रेमवर बसवू नका. आवाज चित्राच्या आधी आला तर लगेच खटकतो, मागून आला तर बराच चालतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत जाणवण्याची मर्यादा आवाज ४५ मिलिसेकंद आधी आणि १२५ उशिरा अशी आहे. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणून वरच्या उदाहरणात एक फ्रेम उशिराने, ३७.४४ धरून, ९६.१५ टाका.

टेम्पो मार्कर शिफ्ट-सी ने येतो. त्यातला पुढच्या मार्करपर्यंत हळूहळू जाण्याचा पर्याय चालू केला की लय उतरंडीने बदलते. शेवटच्या ८ मात्रा ९६ वरून ९० पर्यंत उतरवल्या तर सरासरी ९३, म्हणजे ५ सेकंदांऐवजी ५.१६, चार फ्रेम मिळाल्या, आणि ऐकणाऱ्याला ते वाजवण्यातलं विसावणं वाटतं. काम नेहमी क्यूच्या सुरुवातीकडून शेवटाकडे करा. आधीचा टेम्पो नंतर बदललात तर सेकंदाला चिकटवलेले पुढचे मार्कर मात्रेच्या मध्येच येऊन बसतात. एसडब्ल्यूएस एक्स्टेंशन टाकाच. जवळचा टेम्पो मार्कर कर्सरवर आणण्याची त्यातली ॲक्शन रोज लागते. उणीव सांगायची तर, दहा हिटची यादी देऊन ‘सगळ्यांना जवळचा टेम्पो शोध’ असं रीपरला सांगता येत नाही. डिजिटल परफॉर्मर या दुसऱ्या सॉफ्टवेअरला येतं. इथे कॅल्क्युलेटर आणि वही.

हे सगळं मिडी (आवाज नव्हे, वाजवण्याच्या नोंदी) आणि सॅम्पलसाठी. रेकॉर्ड झालेल्या वाद्याला ताण देणं मी शेवटचा उपाय मानतो. रीपरमधली इलास्टिक ३ प्रो ही ताणण्याची पद्धत तीन टक्क्यांपर्यंत बहुतेक वाद्यांवर निभावते. त्यापुढे तबल्याच्या बायाँची (डग्ग्याची) मींड थरथरते आणि चाटीची (काठावरच्या बोलाची) धार बोथट होते. ढोलकी-तबल्यासाठी ताणण्यापेक्षा कापणं बरं: डी दाबून डायनॅमिक स्प्लिट, थाप-थाप वेगळी, आणि तुकड्यांचा टाइमबेस फक्त पोझिशन बीट्सला बांधलेला. मग टेम्पो बदलला तरी थाप सरकते, ताणली जात नाही. लय कमी केलीत की तुकड्यांमध्ये फट पडते. शेपट्या ओढून छोटा क्रॉसफेड द्या. बासरी किंवा सारंगीला हे चालत नाही. तिथे शिफ्ट-डब्ल्यू ने स्ट्रेच मार्कर (ताणायच्या जागेची खूण), तेही श्वास किंवा गजाचा पालट होतो तिथे. स्वर धरलेला असताना मध्ये कधीच नाही. मार्करचा मोड टोनल ठेवा. ढोलकी ताणावीच लागली तर ट्रान्झियंट.

एक बारीक फसगत: ‘पोझिशन, लेंथ, रेट’ टाइमबेसमध्ये आख्ख्या आयटमला (ट्रॅकवरच्या एका सलग तुकड्याला) एकच रेट लागतो. आयटमच्या आत टेम्पोची उतरंड असेल तर ऑडिओ तिच्यामागे जात नाही. त्यासाठी आयटम प्रॉपर्टीजमधला टेम्पो बदलाबरोबर ऑटो-स्ट्रेच होण्याचा पर्याय निवडा.

२४ फ्रेमची फिल्म टीव्हीसाठी २५ ला पळवली जाणार असेल तर सगळं ४.१७ टक्के जलद होतं, सूर सुमारे ०.७ सेमीटोन चढतो. तो निर्णय मिक्सच्या आधी घ्यायला लावा.

किंमत ६० डॉलर, व्यावसायिक उत्पन्न वर्षाला २० हजार डॉलरच्या वर असेल तर २२५. आधी ६० दिवस वापरून बघता येतं. स्टुडिओत पाठवताना क्लिक सोर्स (मात्रेमात्रेची टिकटिक) टाकून तिचा वेगळा वेव्ह रेंडर करा आणि सोबत टेम्पो मॅप घातलेली मिडी फाइल द्या. मिडीत उतरंड नसते, पायऱ्याच असतात, त्यामुळे समोरच्याकडे गाडी फ्रेमभर इकडेतिकडे झाली तर क्लिकचा वेव्ह प्रमाण धरायचा, हे फाइलच्या नावातच लिहून टाका.