मॅस्टोडॉन: सहा महिने वापरून

आधीच्या अ‍ॅपवर मी टाकलेली स्तनांच्या स्व-तपासणीची आकृती ‘अश्लील’ म्हणून उडवली गेली. दाद मागितली, तर दोन मिनिटांत छापील नकार. कुणा माणसाने ती पाहिली असेल असं वाटत नाही. वैतागून इकडे, मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर आले.

२०१६ पासूनच्या या जाळ्याला एक मालक नाही. सर्व्हर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले स्वतंत्र भाग) अनेक, प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि ते खातं उघडण्याआधी वाचता येतात. (मी खरंच वाचले!) तीच आकृती इथे ‘शरीराचं चित्र’ असा इशारा लावून टाकली. ज्याला बघायचंय तो उघडतो, बाकीचे पुढे जातात. तक्रार आली तर सर्व्हरचा मॉडरेटर बघतो, बहुतेक ठिकाणी हौसेने काम करणारा.

पण म्हणून मोकळं रान नाही. सर्व्हर चालवणाऱ्याने दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडला, की तिथली आपली माणसंही तुटतात. पटलं नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवा: फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. हे मला फार खुपतं.

एका पोस्टला सहसा असणारी ५०० अक्षरांची मर्यादा पुरते. पाचपैकी चार तारे.