बोली मराठीचा ऑनलाइन क्लास: ‘ना’, ‘की’, ‘च’ साठी तरी लावाच

बायको लखनौची. मराठी सगळं समजतं, वाक्यंही बरोबर बोलते, पण घरच्यांशी बोलताना जरा कोरडं वाटायचं म्हणून हा वीकेंडचा क्लास लावला. झूमवर असतो, बॅच छोटी. सुरुवातीचे धडे, भाजीवाला रिक्षावाला वगैरे, कुठेही मिळतील असेच.

खरा माल पुढे आहे. मॅडमनी ‘येतो’ हा एकच शब्द घेतला आणि अख्खा तास त्यावर. ‘येतोच’ म्हणजे निघालोय, थांब जरा. ‘येतो ना’ म्हणजे ठरलंय, विचारतेस कशाला. ‘येतो हं’ निरोप घेताना. ‘येतो म्हणे’ म्हणजे तो तसं बोललाय खरा, पण आपली काही गॅरंटी नाही. ‘ना’ तिला हिंदीमुळे लगेच जमला, अडलं ते ‘की’ पाशी, कारण हिंदीत ‘कि’ आला म्हणजे पुढे काहीतरी येणार, त्यामुळे कोणी ‘येतो की!’ म्हटलं की ही पुढच्या वाक्याची वाट बघत बसायची. मॅडमनी हे बरोबर पकडलं आणि ऑडिओ ऐकवून ऐकवून सोडवलं, इथे त्यांना पूर्ण मार्क.

शाळेच्या व्याकरणात ‘म्हणे’ला ‘व्यर्थ उद्गारवाची’ आणि ‘बरं का’ला ‘पादपूरणार्थक’, म्हणजे नुसती वाक्यात जागा भरणारा, म्हणतात, मला ते कधीच पटलं नाही. ‘त्यांचं लग्न मोडलं म्हणे’ मधला ‘म्हणे’ काढून बघा, ऐकीव गोष्टीची डायरेक्ट बातमी होते आणि जबाबदारी आपल्या गळ्यात. व्यर्थ कसला?

फरक घरात दिसतोय. परवा काका उठायला लागले तर आधीसारखं नुसतं ‘जेवून जा’ नाही, ‘काका, जेवूनच जा हं’ म्हणाली. काका परत बसले.

कमी काय, तर सगळं पुण्याच्या वळणाचं. आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे ‘बस की’, ‘चल की’, ‘व्हय की’ दिवसभर चालू असतं, त्यात आग्रह असतो, कधी वैताग, ते कुठेच नाही. नागपूरकडचं पण नाही, मालवणी तर लांबच. आणि नुसत्या पीडीएफ नोट्सचा स्वस्त प्लॅन आहे तो घेऊ नका, ‘बरं’ आणि लांबवलेलं ‘बऽरं’ कागदावर काय कळणार, एकात संमती आहे, दुसऱ्यात ‘मग पुढे काय झालं’. रेकॉर्डिंगवाला प्लॅनच घ्या आणि डेमो मागाल तेव्हा ‘येतो’चाच तास मागा.