गंजगोलाईजवळचं सायकल मार्ट: पार्ट मागायला नाही, तक्रार सांगायला जा

मी लातुरात ट्यूशन एरियात मेस चालवते. वेळेला साठ-पासष्ट डबे बाहेर जातात आणि ते तीन सायकलींवर जातात. स्कूटी का घेत नाही, असं सगळे विचारतात. डबे नेणारी तिन्ही पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी, त्यांना पाय चालवायला सायकलच पाहिजे, आणि मला पेट्रोल परवडत नाही. दोघांचंही भागतं.

एका सायकलवर बावीस डबे. वरण-भाजी-चपात्या भरलेला डबा सव्वा किलोला कमी नसतो. म्हणजे पोराचं वजन सोडून सत्तावीस-अठ्ठावीस किलो, आणि त्यातलं बहुतेक कॅरिअरवरच्या क्रेटमध्ये, मागच्या चाकावर. त्यामुळं सायकलवाल्याशी माझा जेवढा संबंध येतो तेवढा किराणावाल्याशीही येत नाही. या दुकानाबद्दल लिहितेय ते वर्षभर जाऊन-येऊन, एकदा गेले नि लिहिलं असं नाही.

सुरुवात जूनमध्ये झाली. क्लास सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच काळी सायकल बिघडली. "चेन लई उड्या मारलालीय काकू," पोरगं म्हणालं. चढाला जोर दिला की पायडल खट्‌कन पुढं निसटायचं. असंच एकदा निसटलं, क्रेट कलंडला आणि सहा डब्यांचं वरण रस्त्यावर. घराजवळच्या एका दुकानात नेली. त्यानं न बघताच "चेन गेली" म्हणून नवी चेन टाकली. दुसऱ्या दिवशी उड्या आधीपेक्षा जास्त! परत नेली तर म्हणतो, "नवी आहे, बसेल हळूहळू." आठ दिवस वाट बघितली. बसली नाही.

मग भांड्यांच्या दुकानदारानं हे सायकल मार्ट सांगितलं. गोलाईला, म्हणजे बाजारातल्या त्या गोल चौकाला, सोळा रस्ते फुटतात हे लातूरकरांना सांगायला नको. मला इथं येऊन चौदा वर्षं झाली, तरी भांड्यांचा रस्ता सोडला तर बाकी पंधरा मी देवाच्या भरवशावर धरते. मध्ये जगदंबेचं देऊळ आहे, तेव्हा देवीच्या म्हणा. दोनदा चुकून तिसऱ्यांदा सापडलं. पाटीवरचं नाव उन्हानं उडालंय, "सायकल मार्ट" तेवढं शिल्लक आहे. वर टांगलेले टायर, भिंतीला रिमा, आणि फळीवर ओळीनं बिस्किटांचे पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आत काय आहे त्याचा नमुना तारेनं बांधलेला: एकाला कॉटर (पायडलचा दांडा घट्ट धरणारी खीळ), एकाला कोन (चाकाच्या धुरीवरचा निमुळता नट), एकाला ब्रेकचं रबर. वाचता न येणाऱ्यालाही सापडेल अशी सोय.

दुकान चालवणारे चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी आधी पोराकडंच बघितलं. सगळ्याच दुकानांत असं होतं, बाईला सायकलीतलं काय कळतंय. मी म्हणलं, सायकल माझी आहे. तर लगेच माझ्याकडं वळले. "तो आप बोलो ताई. क्या हुआ, कब हुआ, चढाव पे हुआ के सीधे रस्ते पे?" मी नवं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं चेन बसते ते दातांचं चक्र, द्या म्हणायला गेले होते, कारण भाच्यानं मोबाईलवर बघून तसं सांगितलं होतं. त्यांनी डब्याला हातसुद्धा लावला नाही. जुनी चेन कुठं आहे, विचारलं. मी काही फेकत नाही, पिशवीत होती.

खिळ्याला चेन टांगली आणि स्टीलची पट्टी लावली. चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच असतो. चोवीस घरं मोजली की बारा इंच भरायला पाहिजेत. आमची बारा इंच सोडून दोन सूत पुढं गेलेली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). चाचांचा हिशोब असा, की अर्धं सूत वाढली की चेन बदला, पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही गेलं समजा. आम्ही तर दोन सुतं थांबलो होतो. वाढलेल्या चेननं फ्रीव्हीलचे दात खाऊन वाघनखासारखे वाकडे केलेले, आणि त्या दातांवर नवी चेन बसणार कशी? भाच्याचं म्हणणं बरोबरच निघालं, पण चाचांनी पट्टी लावून मला दाखवल्यावर मग विकलं. अठरा दातांचं फ्रीव्हील, १४० रुपये. नवी चेन तीच ठेवली, "इसका कुछ नइ बिगडा" म्हणून.

जुनं काढताना मात्र गंमत बघण्यासारखी होती. फ्रीव्हीलला आट्यांवर आवळतो ते पायडल मारणाराच. आमची पोरं दोन वर्षं अठ्ठावीस किलो ओढत आवळत होती. पाना लावून दोघांनी जोर केला, हललं नाही. मग चाचांनी पान्याची टोपी फ्रीव्हीलच्या खाचेत बसवली, ती टोपी टेबलाच्या वाइसमध्ये (शिकंज्यात) धरली आणि अख्खं चाकच स्टेअरिंगसारखं दोन्ही हातांनी फिरवलं. कडाक्‌ आवाज झाला, मला वाटलं रीम गेली. सुटलं होतं.

त्यानंतर त्याच सायकलीच्या मागच्या चाकाच्या तारा (स्पोक) तुटायला लागल्या. दर पंधरा दिवसाला एक, आणि दरवेळी फ्रीव्हीलच्याच बाजूची, हबजवळ (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ) वाकते तिथंच. मी म्हणलं जाड तारा टाका, लोड जास्त आहे. चाचा म्हणाले बसा.

त्यांच्याकडं फळीला ठोकलेला एक जुना चिमटा आहे, त्यात चाक अडकवतात. आधी चाक न फिरवता दोन-दोन तारा चिमटीत दाबत गेले, मग एकेक तार बोटानं छेडली. काही टण्ण वाजत होत्या, काही नुसत्या थप्प. आमच्या सायकलीच्या मागच्या चाकाला चाळीस तारा असतात, पुढच्याला बत्तीस, हे मला तिथंच कळलं. चाळिसांपैकी अकरा थप्प निघाल्या. मग खडू रिमेजवळ टेकवून चाक हळूच फिरवलं. रीम जिथं बाहेर आली होती तिथं पांढरा डाग उमटला. तिथली या बाजूची तार पाव आटा सैल, समोरच्या बाजूची पाव आटा घट्ट. परत खडू. परत पाव आटा. पाऊण तास चाललं होतं. मी मध्येच म्हणलं, मला संध्याकाळच्या कणकेचं बघायचंय, तर म्हणाले जाव, सायकल कल मिलेगी. मी थांबले. म्हणणं त्यांचं एवढंच, की तार बारीक आहे म्हणून तुटत नाही. शेजारच्या सैल पडल्या की सगळा भार घट्ट असलेल्यांवर येतो, आणि सैल तारही चाकाच्या दर फेऱ्याला वाकून-वाकून शेवटी मोडते. जाड तार टाकली असती तर दुसरी कुठली तरी तुटली असती. आऊट काढायचे (वाकडं चाक सरळ करायचे) साठ रुपये आणि दोन तारांचे बारा. ऑगस्टपासून आजपर्यंत त्या चाकाची एकही तार तुटलेली नाही.

हे सगळं मोबाईलवर बघून घरी करता येईल असं भाच्याला वाटत होतं. त्यानं ऑनलाईन एक सोळा पात्यांचं हत्यार मागवलं, चाकूसारखं उघडणारं, साडेचारशे रुपयांचं. दिसायला झकास. पण त्यात निम्म्या अॅलन की (सहा कोनी चाव्या), आणि आमच्या काळ्या सायकलीवर अॅलन की लागेल अशी एक जागा नाही, सगळे नटच. चेन काढायची पिन पहिल्याच दाबाला वाकली. आणि गरज नव्हतीच, साध्या सायकलीच्या चेनला लॉकची कडी असते, ती पकडीनं निघते. परत बसवताना लॉकचं उघडं तोंड चेन ज्या दिशेनं पळते त्याच्या मागं ठेवायचं एवढं लक्षात ठेवा, नाहीतर घासून लॉक उडतं. डावं पायडल काढायला गेला तर ते निघेना, पाय देऊन-देऊन आवळत बसला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. शेवटी ते पायडलसकट सायकल चाचांकडंच. ते हसले नाहीत, पण पोराला हत्यार दाखवायला सांगितलं आणि बराच वेळ बघून म्हणाले, "बच्चों के खेलने कू अच्छा है."

त्याऐवजी त्यांनी मला जे घ्यायला लावलं ते असं: चार-पाच मापांची भोकं असलेला एक साधा चपटा पाना, स्पोकचा पाना, पकड आणि पंप. हवं तर कानस. बस्स. घरी एवढंच ठेवा, बाकीचं इथं आणा.

टायरची चूक मात्र माझी. माझी स्वतःची लेडीज सायकल २६ नंबरची. ऑनलाईन २६ नंबरचा टायर स्वस्त दिसला, मागवला. रिमेवर चढेचना, दोन्ही हातांनी ओढून अंगठ्याची सालं निघाली. चाचांनी टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचायला शिकवले. माझ्या रिमेला लागतो २६ × १ ३/८, त्यावर ३७-५९० लिहिलेलं असतं. मी मागवला होता २६ × २.१२५, तो पोरांच्या जाड टायरच्या सायकलींचा, त्याच्या रिमेचं माप ५५९. दोघांनाही सव्वीसच म्हणतात. काळ्या मोठ्या सायकलीचा २८ × १ १/२ असतो, त्यावर ६३५. मागवताना नुसता सव्वीस-अठ्ठावीस बघू नका, तो तीन आकडी नंबर जुळवा.    

बारीकसारीक खूप आहे. दर फेऱ्याला कट्‌कट्‌ वाजत होतं, मला वाटलं छर्रे (आतल्या लोखंडी गोळ्या) फुटले. कॉटर झिजलं होतं, तीस रुपयांत दोन्ही बाजूंची बदलली, आणि दोन दिवस चालवून परत आवळायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. मे महिन्यात रोज सकाळी हवा गेलेली. पंक्चर काढून देणारे तिघं भेटले. चाचांनी बोटाला थुंकी लावून वॉलच्या (हवा भरायच्या नळीच्या) तोंडावर ठेवली, बुडबुडा फुगला. वॉलवरचं रबर उन्हानं चिरलं होतं, पाच रुपये. छर्रे हवे असतील तर पाकीट गळ्यात मारत नाहीत. मागच्या हबला एका बाजूला पाव इंची नऊ, दोन्ही मिळून अठरा, लोहचुंबकानं मोजून कागदावर. फुटलेले दोनच असले तरी अठराही बदलायला लावतात, जुन्यात नवे मिसळू देत नाहीत.

आता तक्रारी. पावती मिळत नाही. वहीत लिहितात, तीही त्यांच्याच. माझ्या नावापुढं तीनदा "ओव्हरऑइल" लिहिलंय. भाचा म्हणतो शब्द ओव्हरहॉल आहे. असेल. शुक्रवारी दुपारी दुकान बंद, हे मला दोन हेलपाटे घालून कळलं. उभं राहायला सावली नाही. गेअरच्या सायकलीला ते हात लावत नाहीत, "वो दूसरी दुनिया है" म्हणून सरळ दुसऱ्याकडं पाठवतात, त्यामुळं क्लासच्या पोरांनी तिकडं चक्कर मारू नये. आणि घाईत असाल तर अजिबात जाऊ नका. नसलेला पार्ट हैदराबादहून येतो आणि तो कायम "मंगळवारी" येतो. कोणता मंगळवार, हे विचारायचं नसतं.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक मंगळवारांचा.

तिसरी सायकल, हिरवी, तीन आठवड्यांपासून तिथंच आहे, २८ ची चाळीस भोकांची रीम यायची आहे. तोवर दोन सायकलींवर तेहतीस-तेहतीस डबे चाललेत आणि पोरं कुरकुर करतात. आज मंगळवार. दुपारची भांडी झाली की जाऊन बघते.