व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा: उभ्याचे तिकीट आणि मागच्या बाजूची गाडी

बेळगाव-निपाणी भागातून युरोपला जाणाऱ्या सहलींत व्हिएन्ना असते ते राजवाड्यांसाठी. संगीताची संध्याकाळ मात्र ‘आपल्याला परवडणारी नाही’ म्हणून आधीच वगळली जाते. स्टेट ऑपेरा या तेथील संगीतनाटकांच्या नाट्यगृहात चांगल्या खुर्चीला 200 युरोंहून अधिक मोजावे लागतात हे खरे आहे. परंतु त्याच प्रेक्षागृहात कित्येक जागा उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि त्यांचे तिकीट साधारण 10 ते 18 युरोंत, प्रयोगाच्याच दिवशी मिळते.

वरच्या गॅलरीत कडेला उभे राहिल्यास अर्धा रंगमंच दिसत नाही. म्हणून पैसे थोडे अधिक पडले तरी तळमजल्याचेच तिकीट मागावे. ही जागा खुर्च्यांच्या लगेच मागे, अगदी मधोमध आहे. पायऱ्यापायऱ्यांवर रेलून उभे राहण्यासाठी कठडे आहेत आणि त्यांवर गाण्याचे शब्द भाषांतरासह दाखवणारे छोटे पडदे बसवले आहेत. कठड्याला गळ्यातला रुमाल बांधून जागा धरण्याची येथे जुनी रीत आहे; एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

ऐकण्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ज्या ऑपेराला, म्हणजे संगीतनाटकाला, मी उभा होतो, त्यात गायकांच्या तोंडासमोर माइक नव्हता, आणि तरीही भरलेल्या वाद्यवृंदावरून नायिकेचा अगदी हलका, दाबून लावलेला स्वर मागच्या कठड्यापर्यंत स्पष्ट पोहोचत होता. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचे वादक याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून घेतले जातात, हे त्यांचे वादन ऐकताना पटते. आपल्याकडे लहानशा सभागृहातही तबल्याला दोन माइक लावून गवयाचा आवाज बुजवणाऱ्या संयोजकांनी एकदा येथे येऊन उभे राहावे, असे मला मनापासून वाटले. दाद देण्याचे संकेत मात्र वेगळे आहेत. समेवर ‘क्या बात है’ निघून जाणाऱ्या श्रोत्याला येथे ओठ मिटून बसावे, म्हणजे उभे राहावे लागते. टाळ्या येतात त्या एखादे पद पूर्ण झाल्यावर.

त्रास पायांना होतो. मिरजेच्या उरुसात रात्र-रात्र गाणे ऐकणाऱ्या आपल्या लोकांना अडीच-तीन तासांचे काय, असे कोणी म्हणेल. पण तेथे मांडी घालता येते. मध्यंतरात मी सरळ पायऱ्यांवर बसलो.

रस्त्यावर मोझार्टच्या वेषात तिकिटे विकणारी मंडळी भेटतात. ती बहुधा पर्यटकांसाठी बसवलेल्या वेगळ्याच कार्यक्रमांची तिकिटे विकतात आणि तीही उभ्याच्या तिकिटाच्या कितीतरी पट किमतीला, हे ध्यानात ठेवावे.

जेवण प्रयोगानंतरच करावे. ऑपेराच्या मागे, आल्बेर्टिना संग्रहालयाजवळ बिट्झिंगर नावाची सॉसेजची गाडी आहे, आणि प्रयोग सुटला की भारी कोट घातलेले लोक व पाठीवर पिशव्या अडकवलेले प्रवासी तेथे एकाच रांगेत दिसतात. व्हिएन्नातील या गाड्यांच्या परंपरेचा 2024 साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. मी ‘केझेक्राइनर’ घेतले. हे चीज भरलेले, धुरावलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज तव्यावर खरपूस भाजतात, तुकडे करून कागदी ताटलीत पाव आणि मोहरीच्या चटणीबरोबर देतात. पहिला तुकडा फुंकर मारून खावा, कारण आतले चीज उकळत असते आणि जीभ भाजते. मोहरी गोड की तिखट असे विचारतात. तिखट म्हटले तरी सावजीवर वाढलेल्या जिभेला ती सौम्यच लागेल, मात्र वर किसलेला ‘क्रेन’ हा झणझणीत कंद मागून घेतल्यास नाकातून पाणी येते.

शाकाहारी माणसाची येथे पंचाईत होते. पाव, मोहरी आणि तळलेले बटाटे यांवरच त्याचे भागते. हिवाळ्यात असल्यास भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या शोधाव्यात. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. शहराच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी 1873 पासून येते आणि ते रस्त्यांवरील पाणपोयांत फुकट मिळते. तिकीट आणि खाणे धरून संध्याकाळ 30 युरोंच्या आत आटोपली.