नऊ महिने वापरून: ट्रायनॉक्युलर, पाच मेगापिक्सेल आणि डाव्या कोपऱ्यातला ठिपका

दिवाळीत घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाबद्दल मी जानेवारीतच लिहिणार होतो. राहून गेलं ते बरंच झालं. तेव्हा लिहिलेलं निम्मं आज मागे घ्यावं लागलं असतं, आणि उरलेल्या निम्म्यात नुसत्या शिव्या होत्या.

यंत्र नेहमीचंच. अंबाल्याच्या बनावटीचं ट्रायनॉक्युलर (दोन नळ्या डोळ्यांसाठी, तिसरी कॅमेऱ्यासाठी), ४, १०, ४० आणि १०० पटीची ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळची भिंगं, खाली एलईडी, तिसऱ्या नळीत घालायचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्याला अर्ध्या पटीची लेन्स. सगळं मिळून साडेतेवीस हजार. बाकीची आकडेवारी घेणाऱ्याने आधीच दहा ठिकाणी वाचलेली असते, ती सोडतो. मला बोलायचंय ते ठिपक्याबद्दल.

पहिला फोटो कांद्याच्या पापुद्र्याचा काढला. डावीकडे वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका. दुसरा फोटो गच्चीवरच्या शेवाळाचा, तिथंच ठिपका. तिसऱ्यातही. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. पण माझं कराडात तेवीस वर्षं झेरॉक्सचं दुकान आहे. काचेवर व्हाइटनरचा एवढासा कण राहिला, तर सातबाऱ्याच्या चाळीस प्रतींवर तो चाळीस वेळा उमटतो आणि माणूस साहेबासमोर उभा राहून मला फोन लावतो. असल्या ठिपक्यांवर माझी अर्धी हयात गेली आहे. तोच घरात, मी स्वतःच्या पैशाने आणून ठेवला होता.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “सर, स्लाइड पुसून बघा.” मी म्हटलं, बाबा रे, सहा स्लाइड वेगळ्या आहेत. “सर, लेन्स क्लीन करा.” केली. “सर, व्हिडिओ पाठवा.” पाठवला. मग आठ दिवस शांतता, आणि नवव्या दिवशी पुन्हा, “सर, स्लाइड पुसून बघा.”

शेवटी झेरॉक्सवाल्याची पद्धत वापरली. प्रतीवर डाग आला की आम्ही ओरिजिनल उलटं फिरवून ठेवतो. डाग कागदाबरोबर फिरला तर तो कागदावरचा, जागचा हलला नाही तर काचेवरचा, आणि पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आला तर ड्रम गेला. इथेही तसंच. स्लाइड सरकवली, ठिपका जागेवर. नळीतला कॅमेरा गोल फिरवला, चित्र फिरलं पण ठिपका तिथंच. म्हणजे खालची सगळी भिंगं सुटली, दोष कॅमेऱ्यात. मग कॅमेऱ्याची अर्ध्या पटीची लेन्स अर्धा आटा सैल केली. ठिपका हलला नाही, म्हणजे लेन्सही सुटली. राहिला सेन्सर आणि त्याच्यावरची काच. रबरी ब्लोअरने हवा मारली, काही नाही. कण काचेच्या आत बसून कारखान्यातूनच आलेला.

एवढं चार ओळींत लिहून पाठवलं, तेव्हा पलीकडचा माणूस पहिल्यांदा नीट बोलला. कॅमेरा पाठवा, बदलून देऊ, जाण्यायेण्याचं कुरिअर तुमचं. साडेसहाशे रुपये. त्यांचा कण परत पाठवायला माझे साडेसहाशे! मी पाठवला नाही. बायको म्हणाली, “अहो, तेवीस हजार घातलेत, सहाशेसाठी कशाला अडून बसताय?” हिशेब तिचा बरोबर होता. पण सवाल तत्त्वाचा आहे असं मी म्हणालो, आणि पुढचे चार महिने त्या तत्त्वासकट फोटो काढले.

ठिपक्याचं एक चमत्कारिक होतं. चारच्या ऑब्जेक्टिव्हवर तो पसरट, फिकट, जेमतेम दिसणारा. चाळीसवर काळाकुट्ट, टाचणीने टोचल्यासारखा. कारण साधं आहे. पट वाढते तसा सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाशाचा शंकू निमुळता होत जातो, आणि निमुळत्या प्रकाशात कणाची सावली रेखीव पडते. हे मला माहीत होतं. त्याचा पुढचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नव्हता.

मधल्या काळात बाकीच्या गोष्टी समजल्या, त्या उरकतो. पाच मेगापिक्सेल भरपूर आहेत. चौदाचा कॅमेरा सहा हजारांनी महाग होता, घेतला नाही, आणि कंजूषपणा एकदाचा शास्त्रशुद्ध ठरला. चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह (एनए, म्हणजे प्रकाश गोळा करायची ताकद, ०.६५) फार तर अर्ध्या मायक्रॉनचा तपशील वेगळा दाखवतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २.२ मायक्रॉनचा, एकूण वीस पट (चाळीस गुणिले अर्धा) मोठं करून स्लाइडवर तो ०.११ मायक्रॉन झाकतो. म्हणजे भिंगाला दिसणाऱ्या सगळ्यात बारीक गोष्टीला चार-पाच पिक्सेल आधीच मिळतात. जास्तीचे मेगापिक्सेल फक्त हार्ड डिस्क भरतात.

रंग मात्र वाईट. रिकाम्या काचेवर व्हाइट बॅलन्स घेतला नाही तर सगळं जांभळट. पूर्ण रेझोल्यूशनवर चित्र इतकं अडखळत येतं, की रोटिफर (पाण्यातला एक सूक्ष्म जीव) फ्रेममधून निघून गेल्यावर त्याचा फोटो निघतो. हलत्या जिवांसाठी मी आजही आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, मोबाइल धरतो. हे लिहिताना जिवावर येतं, पण व्हिडिओ मोबाइलचाच चांगला.

ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाचा खर्च शून्य. दुकानात एक मेलेला एलसीडी मॉनिटर पडला होता, त्याच्या काचेवरची फिल्म सोलली. गोंद निघता निघत नाही, दोन दिवस बोटं चिकटत होती. एक तुकडा कंडेन्सरखाली (स्लाइडवर प्रकाश एकवटणारं खालचं भिंग), दुसरा यंत्राच्या डोक्याचा स्क्रू सैल करून मध्ये. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून काचेवर वाळवा आणि बघा. जे रंग दिसतात ते पैठणीलाही झेपायचे नाहीत. मिठाचे खडे मात्र काळेच राहतात. मिठाची रचना सगळ्या दिशांनी सारखी, म्हणून ते रंग दाखवत नाही. बटाट्याच्या स्टार्चच्या प्रत्येक कणावर काळी फुली दिसते, ती बघायला शेजारची पोरं रांग लावून आली.

आणि इथंच सगळं उलटं झालं. दोन फिल्म एकमेकींना आडव्या लावल्या की प्रकाश फार कमी होतो. एलईडी पूर्ण वर नेला तरी चाळीसवर अंधार. म्हणून कंडेन्सरच्या आयरिसचा, म्हणजे प्रकाशाचं भोक लहानमोठं करणाऱ्या पडद्याचा, आडवा दांडा सरळ उघड्या टोकाला नेला. दुसऱ्या दिवशी फिल्म काढल्या आणि दांडा तसाच राहिला. प्रीतिसंगमाच्या घाटावरच्या दगडाचा तपकिरी बुळबुळीत थर खरवडून आणला होता. कव्हरस्लिपवर वाळवून, जुन्या तव्यावर तासभर तापवून त्यातलं जळण्यासारखं जाळलं की मागे उरतात फक्त डायटम या एकपेशीय शेवाळाची कवचं, सिलिकाची, म्हणजे काचेचीच. ती स्लाइड लावली, फोटो काढला, सवयीने डाव्या कोपऱ्यात बघितलं.

ठिपका नाही.

नीट बघितलं तेव्हा फिकट डाग होता, पण शोधावा लागत होता. आणि मध्ये होडीच्या आकाराचा नॅव्हिक्युला नावाचा डायटम पडला होता. त्याच्या अंगावर आडव्या रेषा, फणीच्या दातांसारख्या, एकेक वेगळी. दोन रेषांमध्ये मायक्रॉनभरही अंतर नसेल. हाच जीव मी फेब्रुवारीतही टिपला होता. तो फोटो काढून बघितला. कडा जाड, काळी, दुहेरी, आणि अंगावर करडा चिखल.

नवशिक्याची ही जुनीच खोड. पारदर्शक वस्तू दिसत नाही म्हणून आयरिस मिटत न्यायची, कडा ठसठशीत होतात, बरं वाटतं. पण तेवढ्याच प्रमाणात बारीक तपशील मरतो, आणि शंकू निमुळता झाल्यामुळे वाटेतली सगळी धूळ ठळक होते. पाच महिने मी विकणाऱ्याशी भांडत होतो आणि माझ्याच हाताने ठिपका गडद करत होतो. आता ऑब्जेक्टिव्ह बदललं की एक आयपीस काढून नळीत डोकावतो. आत ऑब्जेक्टिव्हच्या मागे उजेडाची गोल चकती दिसते. तिचा साधारण पाऊण भाग उजळेल इतकीच आयरिस मिटायची. ऑगस्ट कोलर या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशयोजनेची पद्धत १८९३ साली मांडली. आमच्या यंत्राच्या दिव्यापुढे वेगळा पडदा नाही, त्यामुळे ती पूर्ण करता येत नाही, पण हे एवढं जमतं. सोबतच्या पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. रंगीत चित्रं मात्र बारा आहेत.

उरलासुरला डाग सॉफ्टवेअरमधल्या फ्लॅट फील्डने जातो. रिकाम्या काचेचा फोटो आधी घ्यायचा, त्यातला डाग सॉफ्टवेअर पुढच्या फोटोंतून काढून टाकतं. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा घ्यायचा, एवढीच कटकट.

पावसाळ्यात यंत्र कपाटात, शेजारी शून्याचा बल्ब. अजून भिंगांवर बुरशी नाही. शंभरचं ऑब्जेक्टिव्ह नऊ महिन्यांत चारदा वापरलं असेल. त्याला लावावं लागणारं तेल पुसायचा कंटाळा येतो. तेवढे पैसे कमी करून देत असतील तर त्याशिवाय घ्या.

नॅव्हिक्युलाचा फोटो ए-थ्री काढून दुकानात लावलाय. परवा एक कॉलेजचा मुलगा प्रती घ्यायला आला, बराच वेळ बघत राहिला. मी सुखावलो. त्याने खालच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“काका, काच पुसा की एकदा. डाग आलाय.”

तो डाग नव्हता, दुसऱ्या एका डायटमचा तुटलेला तुकडा होता. त्याला समजावून सांगितलं. पैसे देताना त्याने स्वतःच्या प्रती उजेडात धरून एकेक तपासल्या.

कॅमेऱ्याचं खोकं मी अजून फेकलेलं नाही. वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे, आणि कुरिअरचे पैसे त्यांनी द्यावेत म्हणून कालच परत एक मेसेज टाकलाय.