चोवीस महिने, दोन माणसं आणि काळी सायकल

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी ही काळी सायकल अजूनही मिळते. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, चेनवर पूर्ण कव्हर, मागे चापाचं कॅरिअर. दूधवाले आणि वावरात जाणारे तिला मोडेपर्यंत वापरतात. इथे मात्र तिला जोखलंय एका वेगळ्याच दिनक्रमावर. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे परदेशी धाडलेले तरुण प्रचारक २४ महिने आणि तरुणी १८ महिने जोडीजोडीने सेवा देतात. सकाळी साडेसहाला उठणं, मग अभ्यास, मग दिवसभर दारोदार, रात्री साडेदहाला दिवा बंद. पुष्कळ ठिकाणी हे फिरणं सायकलवरच असतं. अशी जोडी यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत फिरायची म्हटली तर ही सायकल पुरेल का? पुरेल. गिअरवाली पुरणार नाही.

कारण त्यांच्या एका नियमात आहे. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. म्हणजे एकाची सायकल बसली की दोघांचाही दिवस बसला. गिअरचा पत्रा वाकला तर तो भाग नागपूरहून येईपर्यंत थांबा. काळ्या सायकलची कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, जागेवर धरणारी खीळ), छर्रे आणि वॉल्व्हची रबरी नळी मात्र फाट्यावरच्या पंक्चरवाल्याच्या डब्यात पडलेलीच असते. दोन्ही सायकलींची चाकं एकाच मापाची घ्या, म्हणजे बरोबर एकच जादा ट्यूब ठेवून भागतं.

नवी सायकल दुकानात सुट्या भागांत येते आणि तिथेच जोडली जाते. खरी गडबड इथे होते. घाईत जोडलेल्या सायकलीची कॉटर पिन पंधरा दिवसांत ढिली पडते आणि पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ वाजतं. तशीच दामटली तर पिन झिजते, मग क्रँकचं भोकही खराब होतं. पंधरवड्याने कॉटर पिन, हँडल आणि दोन्ही चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या आणि चाकाचा ‘आउट’, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे होणारा हेलकावा, काढून घ्या. पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. मागचं चाक सहा फुटी धिप्पाड माणसाचा भार सोसतं, पण ते स्पोक सारखे ताणलेले असतील तरच.

पंक्चर हा आपल्याकडचा मुख्य विषय. धुऱ्यावर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, त्याचे काटे पांदणीवर सांडतात. ट्यूब काढून पॅच मारला आणि टायर तसाच चढवला, तर शंभर पावलांवर पुन्हा हवा जाते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच रुतून बसलेलं असतं. टायरच्या आतून बोट हळू फिरवा, टोचलं तिथे थांबा आणि ते टोक चिमट्याने ओढून काढा. ट्यूब कानशीने घासा, सोल्युशन लावा, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्या आणि मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच मे महिन्यात सुटतो. पारा ४५ च्या वर गेलेला असताना उन्हात उभ्या सायकलीचे जुने पॅचही सुटतात, तेव्हा ती कडुनिंबाखालीच लावा. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूबला बुडबुडे दिसत नाहीत आणि तरी रातोरात हवा जाते, तर वॉल्व्हची रबरी नळी बघा. उन्हाने ती चिरते. दहा मिनिटांचं काम आहे, पण लोक तासभर नसलेलं पंक्चर शोधत बसतात.

पावसाळ्यात पांदणीवर ही सायकल घालूच नका. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरते, चाक जाम होतं आणि वीसेक किलोची सायकल उचलून न्यावी लागते. डांबरी रस्ता लांबचा असला तरी तोच धरा. ओल्या रिमवर सळईचे ब्रेक उशिरा धरतात, म्हणून उतारावर आधीपासूनच दाबत या. मागच्या मडगार्डला रबरी झडप लावून घ्या, नाहीतर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत मातीची रेघ उठते, आणि ती धुणं आठवड्याच्या एकाच मोकळ्या दिवशी. कपडे, बाजारहाट, घरी फोन, सगळं त्याच दिवसात बसवायचं असतं, त्यात सायकलचं तेलपाणीही. तो दिवस आठवडी बाजाराचा असेल तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सकाळी नऊच्या आत जा. स्त्रियांनी लेडीज मॉडेल घ्यावं आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी, स्कर्ट अडकत नाही.

पाण्याची सोय कंपनीने दिलेली नाही, ती तुम्हालाच करायची. चहा-कॉफी या प्रचारकांना वर्ज्य. आपल्याकडे चहा नाकारला की घरधनीण रुसते, तेव्हा आधीच ताक किंवा पन्हं मागून घेतलेलं बरं. कॅरिअरच्या चापात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या बसतात, पण उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही, वाटेत भरून घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं अन्न आणि पाणी सोडण्याची त्यांची रीत आहे. एप्रिल-मेमध्ये त्या दिवशी दूरचं गाव ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

डायनॅमो घेऊ नका. चढावर पायडल जड होतं आणि सायकल थांबली की उजेडही थांबतो. रस्त्यात म्हशी आणि दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात, तिथे हँडलला अडकवायची चार्जिंगची बॅटरी बरी. हेल्मेट त्यांना सक्तीचंच आहे, ते मात्र मोठ्या गावातून आणा.

राहिली उंची. दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, माणूस जातो आणि सायकल तिथेच राहते. सव्वासहा फुटी गेला आणि साडेपाच फुटी आला तर २४ इंची फ्रेमवर त्याचे पाय पोचत नाहीत. एक फ्रेम २२ ची आणि एक २४ ची घ्या, चाकं तीच बसतात. सीटच्या दांड्यावर कानशीने दोन खुणा करून ठेवा, एक लांब पायांची आणि एक आखूड पायांची.