नागपूरवाल्यांनो, "गॅरंटीड शेंगेन व्हिसा" म्हणणाऱ्या एजंटपासून सावध रहा

माझ्या ताईचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे आणि सूनबाईचं बाळंतपण होतं, म्हणून ताई-भाऊजींना तिकडे जायचं होतं. त्याला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या 29 देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. दोघंही साठीच्या पुढचे, भाऊजी जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले मास्तर, ऑनलाइन फॉर्म वगैरे आपल्याला जमणार नाही म्हणून ओळखीतल्या कोणीतरी सांगितलेल्या धरमपेठेतल्या एका एजंटकडे गेले. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, काका टेन्शन नका घेऊ, आतमध्ये आपली सेटिंग आहे, शंभर टक्के व्हिसा. माणशी 55 हजार, अर्धे आधी. पैसे यूपीआयने कुठल्यातरी बाईच्या पर्सनल खात्यावर, बिल नाही, नुसती कच्ची पावती.

आता खरा खर्च बघा. मोठ्या माणसाची शेंगेन व्हिसा फी जून 2024 पासून 90 युरो आहे, म्हणजे साधारण नऊ हजारांच्या आसपास, रेटप्रमाणे थोडं कमीजास्त. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो आणि 6 च्या आतल्यांना फीच नाही. वरती व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सेंटरचा सर्व्हिस चार्ज आणि प्रवासाचा इन्शुरन्स. बाकी सगळा पैसा त्याच्या खिशात.

ताईला चार-पाच महिने राहायचं होतं, तर हा म्हणे जा तर खरं, तिकडे गेल्यावर वाढवून मिळते. साफ खोटं! शॉर्ट स्टे व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि तेही सगळ्या 29 शेंगेन देशांचे मिळून, आणि पासपोर्टवरच्या व्हिसा स्टिकरवर त्याहून कमी दिवस लिहिले असले तर तेवढेच. मुदत वाढते ती आजारपण किंवा तशाच मोठ्या कारणाने. त्याचं ऐकून हे दोघं राहिले असते तर म्हातारपणी परक्या देशात कायद्याच्या भानगडीत सापडले असते, याचा मला सगळ्यात जास्त संताप येऊन राहिला.

पुढे म्हणे जर्मनीची डेट मिळत नाही, म्हणून त्याने दुसऱ्याच देशाची अपॉइंटमेंट घेतली. नियम असा आहे की जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. मग हे जुळवायला त्याने त्या देशातल्या हॉटेलांची बुकिंगं लावली, मुलाचं नावच कुठे नाही. मुलगा तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून आईवडिलांच्या खर्चाचं रीतसर हमीपत्र काढून पाठवायला तयार होता, त्याची फी फक्त 29 युरो, तर एजंट म्हणे त्याची गरजच नाही.

बोटांचे ठसे द्यायला दोघं रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. फाइल एजंटने चिकटपट्टी लावून पॅक करून दिलेली, उघडू नका सिरियल बिघडेल म्हणे. नंतर पासपोर्ट परत आले, रिजेक्ट. कागदावर टिक होती की मुक्कामाचा उद्देश आणि परिस्थिती याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.

तेव्हा मी त्याच्या मागे लागून त्या फाइलची पीडीएफ मागवली आणि रात्री एकेक पान वाचलं. कव्हर लेटरमध्ये लिहिलं होतं की माझ्या कंपनीने मला रजा मंजूर केली आहे. रिटायर मास्तरला! खाली भाऊजींची सही, पण ती त्यांची नव्हतीच, ते "र" ला लांब शेपूट काढतात, इथे सरळ रेघ. इन्शुरन्सवर ताईची जन्मतारीख चुकलेली, आणि विमा कंपनीच्या टोल फ्रीवर विचारलं तर असा पॉलिसी नंबरच नाही म्हणाले. इन्शुरन्स किमान 30 हजार युरोचा लागतो आणि तो आपण घरबसल्या स्वतः काढू शकतो हो.

फी परत मिळत नाही. आणि नकाराची नोंद शेंगेनच्या व्हिसा सिस्टीममध्ये 5 वर्षं राहते, सगळ्या शेंगेन देशांना दिसते. नातू झाला, ताईने तो व्हिडिओ कॉलवर पाहिला.

कोणी एजंटकडे जातच असाल तर सही करायच्या आधी प्रत्येक पान स्वतः वाचा, फाइलची कॉपी घरी ठेवा, आणि कोणी गॅरंटी म्हटलं की तिथूनच उठा, कारण निर्णय वकिलातीचा असतो, सेंटरचे लोक फक्त कागद गोळा करतात. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या 15 दिवसांवर ठेवू नका, कारण निर्णयाला कधीकधी 45 दिवसही लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि 10 वर्षांच्या आत काढलेला पाहिजे, दोन पानं कोरी.

आम्ही पोलीस स्टेशनला फसवणुकीची तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. ग्राहक आयोगाचा अर्ज भाऊजी स्वतःच्या हाताने लिहून राहिले आहेत, त्याला ती कच्ची पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि ते खोट्या सहीचं पत्र जोडणार. या एजंटने आणखी कोणाला असंच केलं असेल तर कागद फेकू नका, तुम्हीही तक्रार द्या.